खाणीच्या काठावरची हाक

ऋजुता धारपने आपल्या आईचा जीव वाचवला होता, ही गोष्ट शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना माहीत होती, कारण ती ऋजुतानेच सगळ्यांना सांगितली होती. आणि एकदाच सांगून ती थांबली नव्हती. वर्गात नवी मुलगी आली की मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आत तिला ती ऐकावीच लागे. बाकीच्या मैत्रिणी चपातीचा घास तोडता तोडता ‘आता खाण आली, आता आई मागे सरकली’ अशी साथ देत.

गोष्ट खरंच सांगण्यासारखी होती. आठवीपर्यंत ऋजुता म्हणजे वर्गातलं एक कपाट होतं. हजेरीला ती ‘उपस्थित’ म्हणे, ते तिच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जात नसे, आणि सर तिला गैरहजर लावून मोकळे होत. मग एका रविवारी ती आणि आई सोनमाळच्या जुन्या दगडखाणीवर फिरायला गेल्या. खाण कधीचीच बंद पडलेली. तळाशी हिरवं पाणी, कपारींत पारवे. आई तिचा फोटो काढत होती. मागचं अजून थोडं यायला हवं, असं म्हणत ती मागे मागे सरकत राहिली. नजर फोनमध्ये, आणि टाचेमागे जमीन संपत आलेली. ऋजुताच्या पोटातून, तिची स्वतःचीही कधी ओळख नव्हती अशा कुठल्यातरी जागेतून आवाज निघाला.

“आई, थांब!”

पारवे उडाले. आई जागच्या जागी थांबली. तिच्या टाचेखालचा एक खडा घरंगळत गेला आणि पुष्कळ वेळाने खाली पाण्यात वाजला.

त्या दिवशी बाहेर आलेला आवाज परत आत गेलाच नाही. वक्तृत्व झालं, नाटक झालं, कबड्डीच्या सामन्यांत माइक हातात घेऊन समालोचनही झालं. दहावीत येईपर्यंत ऋजुताला गप्प बसवायचं कसं, हा शिक्षकांपुढचा प्रश्न झाला होता. स्पर्धेआधी छातीत धडधडलं की ती आरशासमोर उभी राहायची आणि स्वतःला बजावायची: बाई गं, तू आईला काठावरून परत आणलंयस, तीन परीक्षक काय चीज आहेत.

घरात दोघीच असायच्या. बाबा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. आई, म्हणजे कॅप्टन वैजयंती धारप, सोनमाळ विमानतळावरून विमान चालवायची. गणवेशातली आई शाळेच्या फाटकाशी यावी म्हणून ऋजुता मुद्दाम डबा विसरायची, इतका तिला आईचा अभिमान.

गेल्या वर्षभरात मात्र एक गंमत सुरू झाली होती. आईला कुकरची शिट्टी ऐकू येई, शेजारच्या काकूंची बेल ऐकू येई, पण ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ‘आई’ म्हणाली की आई ढिम्म. सुरुवाती-सुरुवातीला तिच्या पायांचे चवडे तरी आपोआप फरशीवर दाबले जायचे, जणू हाक कानांना नाही, पायांनाच ऐकू आली. पुढे तेही बंद झालं. मग ऋजुता टाळी वाजवायची. टाळी वाजली की आई लगेच वळायची. ‘कान तपासून घे गं म्हातारे,’ असं ऋजुता म्हणे आणि दोघी हसत सुटत. पायलटचे कान कंपनी सारखे तपासत असते आणि ते उत्तम आहेत, असं आईचं उत्तर ठरलेलं.

मग एका मंगळवारी आई भरदुपारी घरी आली आणि बूटही न काढता सोफ्यावर बसून राहिली. काही दिवस उड्डाण नाही, एवढंच म्हणाली. विमानतळावर काहीतरी झालं होतं, पण कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि जास्त विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा को-पायलट अल्ताफ मुजावर भेटायला आला. मिरजेचा, पंचविशीतला, मॅडमसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारा. ऋजुता शाळेतून आली तेव्हा आई चहासाठी उठत होती. ऋजुताने दप्तर टाकलं आणि दारातूनच ओरडली, “आई, थांब, चहा मी करते.”

मुजावरचे दोन्ही पाय धाडकन जमिनीवर आपटले. टीपॉय हलला, बिस्किटांची बशी खाली आली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईने मात्र मागे वळूनही पाहिलं नाही.

“हाच तो आवाज,” मुजावर ऋजुताकडे बघत म्हणाला. “म्हणजे ती तू आहेस.”

“अल्ताफ,” आई हळूच म्हणाली, पण आता उशीर झाला होता. ऋजुतासमोर अर्धवट वाक्य ठेवून कुणी सुटलेलं नाही.

मग चहा राहिला बाजूला आणि सगळं बाहेर आलं.

विमान हवेत असताना आता बहुतेक सगळं यंत्रच करत होतं. जमिनीवर मात्र अजून माणूसच लागत होता. आणि जमिनीवर विमान चालवणं, ज्याला पायलट टॅक्सी करणं म्हणतात, हे दिसतं तितकं सोपं नाही. दुमजली घराच्या गच्चीवर बसून ते घर गल्लीबोळांतून चालवत न्यायचं, असा तो प्रकार. पंखांची टोकं दिसत नाहीत. डाव्या हाताशी एक छोटं चाक, पायाशी ब्रेक. वाटेत धावपट्ट्या आडव्या येतात. प्रत्येक धावपट्टीच्या अलीकडे एक रेघ असते, आणि विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने सांगितल्याशिवाय ती ओलांडायची नाही. रेघेशी आलं की कॅप्टनने डावीकडे पाहून मोठ्याने म्हणायचं, डावीकडे मोकळं. को-पायलटने उजवीकडे पाहून म्हणायचं, उजवीकडे मोकळं. दोघांचं बोलून झालं तरच पुढे.

इतकं असूनही चुका व्हायच्या, आणि त्या नवख्यांच्या कमी, जुन्या माणसांच्या जास्त. कारण मेंदू आळशी असतो. रोज ज्या वळणावर वळायचं, तिथे तो न बघताच वळतो. टॉवर म्हणतो सरळ जा, कान ऐकतात सरळ, तोंड परत म्हणतं सरळ, आणि हात वळवतो डावीकडे. धोक्याची घंटा वाजवली तर मेंदू घंटेलाही सरावतो. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येते का?

म्हणून ‘हाक’ नावाचं यंत्र आलं. त्याचे कॅमेरे पायलटचे डोळे आणि हात बघत असतात, टॉवरचं बोलणं ऐकत असतात. हात चुकीच्या वाटेला लागला की ते बोलतं. आणि बोलतं ते पायलटच्या स्वतःच्या मुलाच्या आवाजात. आपल्या पोराच्या घाबऱ्या हाकेला मेंदूत वेगळी वाट असते. ती विचारांच्या दारात थांबत नाही, थेट पायांत उतरते. हाक ऐकली आणि ब्रेक लागला, मधे काही नाही. कॉकपिटमध्ये दोन वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा, ऋजुता आईला थांबवत होती.

आता खरं तर ऋजुताला धक्का बसायला हवा होता. पण ती आनंदाने सोफ्यावर उभीच राहिली. म्हणजे खाणीवर एकदा, आणि त्यानंतर रोज. उद्या मधल्या सुट्टीत सांगायला केवढी मोठी गोष्ट. मला आधी का नाही सांगितलंस, असं तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली की सांगणारच होते, राहून गेलं. आवाज कुठून घेतला, या प्रश्नावर आई बिस्किटांचे तुकडे गोळा करत म्हणाली, “असाच गं, घरातल्या जुन्या व्हिडिओंमधून.”

मंगळवारी काय झालं, तेही मुजावरने सांगितलं. सकाळी जुनी धावपट्टी नेहमी बंद असते, त्यामुळे पाण्याच्या टाकीपाशी वळून तिच्यावरून पलीकडे जायचं हा मॅडमचा रोजचा रस्ता. त्या दिवशी वारा फिरला होता म्हणून तीच धावपट्टी चालू होती. टॉवरने रेघेशी थांबायला सांगितलं, मॅडमनी ‘थांबते’ असं परत सांगितलंही, आणि विमान रोजच्यासारखं पुढे निघालं.

“मला रेघ दिसत होती,” मुजावर मान खाली घालून म्हणाला. “पण मॅडमना मी कशाला सांगू, मुलगी सांगेलच, असं वाटलं. आमचं ते डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं म्हणणंही हल्ली सुटलंच होतं. मग तुझा आवाज आला. मी मॅडमच्या ब्रेकची वाट बघत राहिलो. मॅडम थांबल्याच नाहीत. शेवटी मीच ब्रेक दाबला.”

विमानाचं नाक रेघेपलीकडे गेलं होतं. समोरून उतरणारं विमान असं गेलं की कॉकपिटमधले कप खडखडले. मागे एकशे ऐंशी माणसं बसली होती, आणि त्यांना वाटलं ब्रेक जरा जोरात लागला.

शनिवारी आईला तपासणीला बोलावलं होतं, आणि ज्या मुलीचा आवाज आहे तिलाही आणा म्हणाले होते. ऋजुता दोन वेण्या सोडून एक उंच पोनी घालून गेली. आई काचेपलीकडे नकली कॉकपिटमध्ये बसली, कानांवर हेडफोन, कपाळाला तारा. काचेअलीकडे डॉक्टर केळुसकर. ‘हाक’ त्यांनीच बनवलेली. माणूस प्रेमळ, खिशात खडीसाखरेची पुडी ठेवणारा. पडद्यावर आईच्या मेंदूची रेघ पळत होती.

त्यांनी ऋजुताची हाक लावली. रेघ जरा हलली, न हलल्यासारखी. परत लावली. तेच. मग त्यांनी कुणा भलत्याच मुलाची हाक लावली, आणि रेघ टुणकन वर उडाली.

केळुसकरांनी दिलेली खडीसाखर ऋजुताच्या हातात तशीच राहिली.

वाईट वाटून घेऊ नकोस, असं केळुसकर म्हणाले. चूक आमचीच. सुरुवातीला हाक फक्त धावपट्टीच्या रेघेशी ठेवली होती. मग कंपनीला वाटलं वेगासाठीही लावू, वळणासाठीही लावू. दिवसभर तोच आवाज. शेवटी आईच्या मेंदूने तुलाही गिरणीत जमा केलं. आता हा आवाज झिजला. आईला परत उडायचं असेल तर नवीन हाक लागेल.

“मग घ्या ना,” ऋजुता म्हणाली. “मी नाटकात दोनदा पहिली आलेय. आत्ता ओरडून दाखवते.”

केळुसकर हसले. नाटकातलं चालत नाही, मेंदू फसत नाही. पहिल्यांदाही आईने आधी घरीच तुझे किती आवाज घेऊन पाहिले होते, एकही लागू पडला नाही. भीती खरी लागते. “म्हणून तर शेवटी खाणीवर सगळी तयारी करावी लागली. तुझ्या आईची हिंमत बघ. मी काठाखाली जाळी बांधून दिली होती, तरी माझाच जीव वर-खाली होत होता. तुला सांगितलं असेलच तिने.”

“हो,” ऋजुता म्हणाली. हे ‘हो’ आठवीतल्या ‘उपस्थित’सारखं निघालं, कुणालाही ऐकू न जाणारं.

केळुसकर आपले बोलतच होते. मुलं सोळाची झाली की नियमाने त्यांनाच विचारावं लागतं. तुला पुढच्या महिन्यात सोळावं ना? मग तू हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. त्याच्या आत मात्र आईची सही चालते.

काचेपलीकडे आईने हेडफोन काढले आणि हात हलवला. ऋजुतानेही हलवला. हात हलवता हलवता तिला खाणीवरचा तो फोटो आठवला. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर चौकटीत होता तो. फोटोत ती किंचित वाकडी उभी, तोंड उघडं. पाहुण्यांना ती सांगायची, हा बघा, नेमका त्या क्षणाचा.

रविवारी सकाळी आई म्हणाली, “चल, खाणीवर जाऊन येऊ. किती दिवसांत गेलो नाही.”

ऋजुताने चप्पल घातली. तिला वाटलं, आई आता सांगणार. जिथे केलं तिथेच नेऊन सांगणार, आणि हेच बरोबर आहे. स्कूटरवर मागे बसून तिने मनात उत्तरसुद्धा तयार ठेवलं. आधी थोडं भांडायचं, मग रडायचं, मग माफ करायचं. वाटेत आईने तिच्या आवडीची गरम जिलबी घेतली. हे माफी मागण्याआधीचंच असणार, असं ऋजुताने ठरवून टाकलं.

खाण तशीच होती. पाणी, पारवे, ऊन. ऋजुताने आईला वाट करून दिली. वाक्याच्या अगदी तोंडाशी नेऊन उभं केलं म्हणा ना.

“इथेच ना गं, मी तुला वाचवलं होतं?”

“हो,” आई म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. “तू नसतीस तर मी आज नसते.”

ऋजुताने उरलेली जिलबी पुडक्यात परत ठेवली. पुढचा बराच वेळ आई हवेबद्दल बोलत राहिली. मग ती उठली, हात पुसले, फोन काढला.

“उभी राहा ना तिथे. तेव्हासारखाच एक फोटो काढू.”

ऋजुता उभी राहिली. आई मागे सरकली. मागचं अजून यायला हवं, ती म्हणाली. अजून एक पाऊल मागे. ऋजुता जिथे होती तिथून काठाखालचं काही दिसत नव्हतं. जाळी असेल. पण दोन वर्षांपूर्वीचीच असेल तर? उन्हापावसात दोरखंडसुद्धा कुजतो. पोटातल्या त्याच जागेतून आवाज वर चढायला लागला, अगदी तसाच, त्याला कुठे माहीत होतं की हे खोटं आहे. तेवढ्यात तिचं आईच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. ते फोनमध्ये नव्हते. फोनच्या वरून ते ऋजुताच्या तोंडाकडे बघत होते, वाट बघत होते.

ऋजुताने आवाज गिळला. मीठ मागावं तशा साध्या सुरात ती म्हणाली, “आई, मागे बघ.”

आई अजून एक पाऊल मागे गेली.

ऐकू आलं नाही तिला. ऋजुताच्या एकदम लक्षात आलं, खरंच ऐकू आलेलं नाही. किंचाळली तरी कदाचित पोचणार नाही. हा आवाज झिजलाय, आणि आईचा पाय उचललेला आहे.

तिने टाळी वाजवली.

पारवे फडफडत उठले. आई दचकून पारव्यांकडे वळली आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी मागे पाहिलं. पाय परत खाली आला, काठाच्या अलीकडे. ऋजुता धावत तिच्यापाशी गेली आणि दोघींनी एकदमच खाली वाकून पाहिलं.

जाळी होती. निळी, कोरी, चारही टोकांना घट्ट बांधलेली.

“नवीन दिसतेय,” ऋजुता म्हणाली.

आईने फोन बंद केला. तेव्हा कुठे ऋजुताला कळलं की तो इतका वेळ आवाज टिपत होता.

“केळुसकरांनी सांगितलं?”

“तू सांगायला हवं होतंस.”

मग आई दगडावर बसली आणि बोलायला लागली, पण ते बोलणं हवाईसुंदरीच्या सूचनांसारखं पाठ केलेलं वाटत होतं. त्या वर्षी दोनदा तिने चुकीचं वळण घेतलं होतं. तिसऱ्यांदा झालं असतं तर कायमचं घरी. मागे इतकी माणसं बसलेली असतात. घंटा, दिवे, को-पायलट, कशानेच तिचे पाय थांबत नव्हते. तुझ्या हाकेने थांबले. त्यात वाईट काय झालं? तू तर तेव्हापासूनच बोलायला लागलीस. सगळं चांगलंच झालं ना?

हे शेवटचं ऋजुताला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. तिची वक्तृत्वाची ढाल, तिचं नाटक, आरशातली ती मुलगी, सगळं एका जाळीवर उभं होतं.

“मी तुला वाचवलंच नव्हतं,” ती म्हणाली. “तू मला नुसतं घाबरवलंस.”

“त्यानंतर रोज वाचवत होतीस, ऋजू.”

“ती मी नव्हते. मी तर स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. टाळ्या वाजवत.”

आईने चेहरा हातांत घेतला. ऋजुताला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि याही इच्छेचा तिला संशय आला. पुढच्या महिन्यात मला विचारतील, ती म्हणाली, आणि मी नाही म्हणणार आहे. आज टिपलेलं काही असेल तर तेही पुसायला लावणार आहे.

“मग मी विमान चालवायचं कसं?”

“डावीकडे बघून, उजवीकडे बघून. अल्ताफदादा बसतो ना शेजारी? त्याला बोलायला सांग. आणि तो बोलला की ऐक.”

एवढं बोलून ती निघाली. पायवाटेच्या टोकाशी मोठा रस्ता होता, डंपरांची ये-जा असलेला. ती पायाखाली बघत, भराभर, कुणाकडेही न बघता चालली होती. रस्त्याच्या कडेला पाऊल पडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“ऋजुता, थांब!”

पाय थांबले. तिला न विचारताच थांबले, जणू कुणीतरी आतून ब्रेक दाबला.

तिने पाहिलं. रस्ता रिकामा होता. डंपर नाही, सायकल नाही, एखादं कुत्रंसुद्धा नाही. आईने नुसतीच हाक मारली होती. आणि तरीही पाय थांबले, याचा तिला इतका राग आला की डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच तिने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं.

“डावीकडे मोकळं. उजवीकडे मोकळं,” ती मागे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.